मंगळवारची सवारी

माझ्या उजव्या पायात चप्पल नाई, हे मले पानठेलेवाल्यानं सांगतलं. मे महिना, दुपारची वेळ, चंद्रपूरचा डांबरी रोड, अन् मी गाडी स्टँडवर लावून, रोड ओलांडून त्याच्या ठेल्यापर्यंत आलो होतो, तंबाखू-सुपारीचा खर्रा सांगतला होता, वरून इकडच्या तिकडच्या गोष्टी बी करून राह्यलो होतो. खर्रा घोटता घोटता त्याची नजर खाली गेली. म्हणते, गुलाबभाऊ, एक चप्पल कुठी सोडून आले? मी पाह्यलं. डाव्या पायात चप्पल होती, उजवा पाय उघडा. रोडच्या मधोमध पघळलेल्या डांबरात माझी चप्पल चिकटून पडली होती अन् तिच्यावरून एक ऑटो जाऊन राह्यला होता. मी हासलो. म्हटलं, ड्रायव्हरचा पाय आहे बाबा, इंजिनच्या गरमीनं शिजून पक्का झाला, त्याले उन्हाचं काय. तो बी हासला. मी जाऊन चप्पल उपटली, पायात घातली, अन् घालताना वाकून पाहावं लागलं का अंगठा पट्ट्यात गेला का बाहेरच राह्यला. हे वाकून पाह्यणं काही त्याच दिवसाचं नव्हतं. ते गंज दिवसापासून चालू होतं, माझंच तिकडं ध्यान नव्हतं.

खर्रा तसाच खिशात टाकला अन् गाडीत येऊन बसलो. दरवाजा लावला, काच वर केली. आत भट्टी तापलेली. उजवा पाय डाव्या मांडीवर घेतला अन् तळवा पाह्यला. अंगठ्याच्या खाली, जिथी एक्सलेटर दाबतो त्याच जागी, जखम होती. कड काळी, मधात ओलं, अन् त्या ओल्यात एक बारकी गिट्टी रुतून बसलेली. ती गिट्टी मी नखानं काढली. काढताना दात आवळून धरले, आता दुखन म्हून. काहीच झालं नाई. गिट्टी निघाली, पाणी आलं, जराक रक्त आलं, अन् मी दुसऱ्या कोणाचा पाय पाहून राह्यलो असा पाहत बसलो. दुखलं असतं तं शिवी देऊन मोकळा झालो असतो. आता पाय आपला, जखम आपली, अन् आपल्यालेच पत्ता नाई, याले काय म्हणाव? मले भेव लागलं. असं भेव मले जंगलातल्या रोडवर वाघ आडवा बसला होता तेव्हा बी नव्हतं लागलं. वाघ उठून जाते.

शुगर आहे हे मले माहीत होतं. दोन जयंत्या झाल्या त्याले. आमच्या विहारात जयंतीले तपासणीचं शिबिर होतं, पोट्टे लाईन लावून राह्यले होते, मी बी मजाक मजाकमध्ये बोट पुढं केलं. तिथल्या पोरीनं आकडा पाह्यला, मले बाजूले बसवलं, अन् हळू आवाजात सांगतलं. एवढ्या हळू सांगतलं का मले वाटलं, ही सांगाची गोष्टच नाई. तसंच मी ते ठेवलं. घरी वच्छलाले सांगतलं, तिच्याशिवाय कोणाले नाई. गोळ्या मेडिकलवरून आणतो, आणल्या का खातो, सरल्या का काही दिवस तशीच गाडी ढकलतो. आता कोणी म्हणन, लपवाचं काय होतं त्यात? त्याले मी म्हणन, बाबू, तू सवारीची गाडी चालवून पाह्य. चंद्रपूर ते सावली काळी-पिवळी जीप चालवतो मी, जवानीपासून. सवारी गाडीत बसते ते गाडी पाहून नाई बसत, ड्रायव्हर पाहून बसते. गुलाब उंदिरवाडेची गाडी म्हटलं का बाया लेकरं घेऊन बिनधास्त बसतात, झोपतात बी. त्यायले कळलं का याले चक्कर येऊ शकते, तं स्टँडवर कय्यूमची गाडी उभीच आहे माझ्या मागं. कय्यूम अन् मी एकमेकायच्या सवाऱ्या ओढण्यात बुढे झालो. त्याले फक्त कानावर यायाची देरी होती.

अन् गंमत पाहा, माझ्याच गाडीत दर मंगळवारी शुगरचेच लोक राह्यतात. हे खैरुनबाईनं जमवलं. सावलीच्या बाजारात तिचं बांगड्यायचं दुकान आहे, ती इन्सुलिनवर आहे. मंगळवारी चंद्रपूरच्या मोठ्या दवाखान्यात शुगरची ओपीडी राह्यते, तं एकटी कशाले जायाचं म्हून तिनं आजूबाजूचे जमा केले अन् मले म्हणे, गुलाबभाऊ, मंगळवारी सकाळची पूरी गाडी आमची. बायनाबाई आली, सावलीच्या पुढच्या खेड्यातली, जंगलाचा माल विकणारी. सोमाजी आला, राईस मिलमधला जुना हमाल. बाकीचे येतात जातात. गाडी सावलीहून हलली का यायच्या गोष्टी सुरू होतात. कोणाची शुगर किती निघाली, कोणाले काय सांगतलं, कोण रात्री किती बखत लघवीले उठते, काही लाजशरम नाई. डॉक्टर म्हणे भात सोडा, तं सोमाजी म्हणे, धानाच्या मुलखात भात सोडू तं खाऊ काय, ढोराचं तणस? सगळे हासले. मंग खैरुनबाईनं सांगतलं का सोडू नका, कटोरी लहान करा, भाजी मोठी करा, मी असंच करते. लाईन गेली का इन्सुलिन कुठी ठेवाचं? तं ओल्या रेतीत मडकं ठेवाचं, मडक्यात डबी, फ्रिजच्या बर्फाजवळ तं ठेवाचंच नाई, गोठलं का गेलं वाया. सुई पोटावर कुठी टोचाची, जागा काऊन बदलाची. मी समोर पाहून गाडी चालवतो अन् कान मागं ठेवतो. एक डाव सोमाजीले घाम सुटला, हात कापाले लागले, तो बरळाले लागला, अन् खैरुनबाईनं ओढणीची गाठ सोडून त्याच्या तोंडात साखर कोंबली. मी आरशात पाहून राह्यलो होतो. पाहता पाहता मले समजलं का बिना जेवल्या दुपारी मले जे होते ते हेच होय, आपण त्याले ऊन लागलं म्हणतो. त्या दिवशीपासून मी गाडीच्या खणात साखरेची पुडी ठेवली. कोणी विचारलं तं सांगतो, चहावाल्याच्या चहात साखर कमी राह्यते.

म्हणजे मी त्यायच्याकडून सगळं घेऊन राह्यलो होतो, अन् ते मले तगडा समजून राह्यले होते. तुमचं बरं आहे गुलाबभाऊ, तुमाले काही नाई, असं कोणी म्हटलं का मले खरंच बरं वाटे. सावली ते चंद्रपूर, तेवढ्या रोडपुरता मी निरोगी माणूस होतो. पण त्याची किंमत होती. यायच्या घरी लग्न, नामकरण, तेरवी, सण काही झालं का गोड होते, अन् यायले ते खायाचं नाई. घरी ठेवलं तं हात जाते. मंग ते बांधून गाडीत आणतात अन् माझ्यासमोर उघडतात. आमच्या वाटचं तुमी खा. बुंदीचे लाडू, करंज्या, बायनाबाईच्या घरचे मोहाच्या फुलाचे लाडू. ईदनंतरच्या मंगळवारी खैरुनबाईनं शीरखुर्म्याचा डबाच आणला. रोडात मूल गाव लागते, तिथल्या स्टँडवर गाडी उभी करून मी तो डबा खाल्ला अन् गाडीतले सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. कसा झाला? बदाम लागला काय? खजूर नवी आहे काय? माझ्या तोंडातून ते खाऊन राह्यले होते. मी नाई कसं म्हणाव? नाई म्हणाले कारण लागते, अन् कारण एकच होतं. संध्याकाळी घरी येऊन मी माठच्या माठ पाणी पेत होतो, वच्छला पाहत होती. तिनं विचारलं तं मी म्हटलं, ऊन लय होतं.

विचाराले मले कोणीच नव्हतं असं नाई. दवाखान्यात एक डाव मी गुपचूप गेलो होतो, मंगळवार सोडून, तिथी मले एक रंगीत कागद दिला. त्याच्यावर एका ताटात काय काय खायाचं त्याचे चित्र होते. त्यातलं एक हिरवं झाडासारखं काही होतं, ते ना सावलीच्या बाजारात भेटते ना चंद्रपूरच्या, मी दोघातिघा भाजीवाल्यायले दाखवून पाह्यलं. डॉक्टर चांगला होता, पण त्याच्या दरवाजात एवढी गर्दी का त्यानं माझ्याकडं पाह्यलं अन् मागच्या माणसाले आवाज दिला. मोबाईलमध्ये तं विचारूच नका. एक म्हणते कारल्याचा रस प्या, एक म्हणते जांभळाच्या बियाचं चूर्ण, एक जाडजूड माणूस वरडून सांगते का गोळ्या नालीत फेका. स्टँडवर नंबर लागेपर्यंत मी आवाज बारीक करून ते पाहत बसतो. ऐकलेलं सगळं डोक्यात जमा होते, पण आपलं काय ते कोणाले विचाराव? आयकणं वेगळं अन् विचारणं वेगळं. हे मले लय उशिरा समजलं.

अन् माझा बाप डोक्यातून जात नाई. इतवारी नाव त्याचं, लाकूड डेपोत हमाली करे. शेवटच्या वर्षी तो मागच्या खोलीत पडून राहे, पाय फडक्यात गुंडाळलेला, अन् त्या खोलीतून वास येये. लोक म्हणत पाय सडला. कोणी म्हणे डेपोत काही लागलं, कोणी म्हणे कोणाची करणी. मी लहान होतो, त्या वासाच्यानं बाहेर अंगणात झोपो. तो मले आवाज देये, पाणी दे रे, पाणी दे. दिवसभर पाणी मागे तो. आता समजते त्याले काय होतं. तेव्हा त्या रोगाले आमच्या घरात नावच नव्हतं, फक्त वास होता. गाडीत काच वर करून जखम पाहत बसलो तेव्हा मी आधी काय केलं असन, तं तळवा नाकाजवळ नेता येते का ते पाह्यलं. नाई आला तेवढ्या वर. मंग बोट लावून बोट हुंगलं. नुसता डांबराचा वास आला, अन् तेवढ्यानं बी मले हायसं वाटलं.

जखम कशानं झाली तेई मले माहीत होतं. बिब्ब्यानं. उन्हाळ्याच्या सुरवातीची गोष्ट. पाय रात्री जळत होते, मुंग्या येत होत्या, अन् मंग एका ठिकाणी तं काहीच वाटत नव्हतं. असंच एका मंगळवारी बायनाबाई मागं सांगून राह्यली होती का तिचे तळपाय निखाऱ्यावर ठेवल्यासारखे जळत, तं गावातल्या म्हातारीनं तिच्या पायाले बिब्बा घातला, अन् पाय असा थंडा पडला, असा थंडा पडला. तेवढ्यात मूलचं स्टँड आलं. एक सवारी तांदळाचा कट्टा घेऊन उभी होती, तो कट्टा वर टपावर बांधाचा होता. मी उतरलो, वर चढलो, दोरी आवळली, खाली आलो, तं गोष्ट कुठच्या कुठं गेली होती, सोमाजी मिलच्या मालकाचं सांगून राह्यला होता. दुसरा कोणी असता तं म्हटलं असतं, बाई, मंग काय झालं पुढं? मी कसं विचारू? माझ्या पायाले काय झालं का बिब्ब्याची चौकशी करू? गाडी चालू केली. थंडा पडला, एवढं माझ्याजवळ राह्यलं.

घरी बिब्बे होतेच, जंगलाजवळच्या कोणत्या घरात नसतात? काटा रुतला, भेग पडली, का बिब्बा. वच्छलाले मी भेगा सांगतल्या. तिनं दाभणाले बिब्बा टोचला, दिव्यावर धरला, तेल सुटलं तसं माझ्या तळव्यावर ओढलं. माझा पाय तिच्या मांडीवर होता. दर वेळी ती विचारे, पोळते काय? मी म्हणो, नाई. ती म्हणे, अवो, चामडी पहा कशी होऊन राह्यली, खरंच पोळत नाई? अन् मी छाती फुगवून म्हणो, ओढ अजून. बिब्ब्याच्या तेलानं चांगला माणूस बोंबलते, अन् मी मजेनं पाय पसरून बसलो होतो. मले वाटलं, औषध लागू पडून राह्यलं. दोन दिवसात फोड आला, फुटला, मी त्याच्यावर फडकं बांधलं अन् विसरलो. न दुखणारी गोष्ट विसराले कितीसा वेळ लागते?

चप्पलवाल्या दिवशी घरी गेलो तं वच्छलाले तळवा दाखवला. तिनं आधी पाणी गरम कराले ठेवलं, मंग ते उतरवून ओतून देल्लं, मंग खाली बसून रडाले लागली. मीच जाळलं, मी माझ्या हातानं जाळलं, एवढंच म्हणे. मी म्हटलं, तुले मी सांगतलं म्हून तू केलं. मंग डोळे पुसून ती उठली अन् मले म्हणाली, मंगळवारी त्या लोकायले दवाखान्यात नेऊन सोडता ना, आता त्यायच्यासंगं आत जा. मी हौ म्हटलं. माझ्या मनात नव्हतं. मनात असं होतं का जखम भरली का चालन, जखम भरेपर्यंत बूट घालाचा. जुना बूट काढला, आत कापूस ठेवला, पट्टी बांधली, अन् मंगळवारी पहाटे सावलीले गेलो.

बूट घालून गाडी चालवाची मले सवय नाई. चपलेतून पाय कुठी आहे ते थोडं तरी समजे, बुटातून काहीच नाई. सावलीहून सवाऱ्या भरल्या, निघालो, अन् मी सारखा खाली पाहून राह्यलो होतो. पाय ब्रेकवर आहे का एक्सलेटरवर, हे डोळ्यानं पाहावं लागे. रोडकडे पाहू का पायाकडे पाहू? केळझरच्या जंगलात वळणावर बकऱ्या आल्या. एक बुढा हाकत होता, त्याची पाठ माझ्याकडं. मी ब्रेक दाबला. दाबला असं मले वाटलं. गाडी हळू झाली नाई, उलट हुंकारून पुढं गेली. मी खाली पाह्यलं तं बूट एक्सलेटरवर होता. मंग काय केलं ते हातानंच केलं, हँडब्रेक ओढला, गाडी तिरपी होऊन कच्च्यात उतरली अन् बंद पडली. मागं सगळे एकमेकायवर पडले. बुढा तेव्हा वळला. तो माझ्या काचेच्या एवढ्या जवळ होता का त्याच्या दाढीतली धूळ मले दिसली. त्यानं मले आईवरून दोन शिव्या घातल्या अन् बकऱ्या घेऊन गेला.

कोणाले काही लागलं नाई. सोमाजीनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, ब्रेक लागला नाई. असं कसं तोंडातून निघालं, मले बी समजलं नाई. अन् त्यायनं ते पटकन मानलं. खैरुनबाई म्हणाली का आज चंद्रपुरात मिस्त्रीले दाखवाच भाऊ, लेकराबाळायची गाडी आहे. बायनाबाईनं मले पाणी देल्लं. गाडीले दोष देऊन मी गाडी चालू केली अन् दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू चाललो.   तो बुढा मेला असता. हा विचार सारखा येये अन् मी त्याले चिचपल्ली येईपर्यंत, चिचपल्ली येईपर्यंत, असं करून पुढं ढकलत होतो.

त्या दिवशी एक नवी बाई होती गाडीत, पाथरीकडची, पहिल्यांदाच आलेली. सावलीले बसली तेव्हा तोंडाले पदर लावून खाली मान घालून होती. चिचपल्ली गेल्यावर तिनं पदर काढला अन् विचाराले लागली. सुई टोचली का लय दुखते काय? जिंदगीभर घ्या लागते काय? माझ्या लेकीले होईन काय? जे जे मी दोन वर्षं पोटात घेऊन हिंडलो, ते तिनं दोन-चार मैलात विचारून टाकलं, अन् सगळे तिले सांगून राह्यले, एकाचं सरलं का दुसरा. मंग ती म्हणाली, माझे पाय रात्री लय जळतात, आमच्या घरी म्हणतात बिब्बा घाल. माझा पाय आपोआप एक्सलेटरवरून सुटला असन, कारण गाडी हळू झाली.

बायनाबाईचा आवाज एकदम बदलला. म्हणाली, "हातपाय जोडते बाई, बिब्बा नोको घालू. मी घातला होता. पाय थंडा पडला म्हून मी साऱ्या गावाले सांगत हिंडली. तो थंडा नोयता पडला, तो मेला होता. आतून सडलं, मले समजलंच नाई. हे पाह्य." मी आरशात पाह्यलं. तिनं डावा पाय वर घेतला होता, अन् त्याले करंगळी नव्हती, तिच्या बाजूचं बोट बी नव्हतं. वरसभर ती बाई माझ्या गाडीत चढली, उतरली, तिच्या हाताले धरून मी तिले पायरीवरून खाली उतरवलं, अन् तिच्या पायाकडं मी एकदा बी पाह्यलं नव्हतं. गोष्ट तेव्हाच पूरी झाली होती. मी टपावर कट्टा बांधत होतो.

घंटाचौकीजवळ चहाची टपरी आहे, तिथी मी गाडी बाजूले घेतली. हँडब्रेकनंच घेतली. चाबी बंद केली. मागून कोणी म्हटलं, आता काय झालं, ओपीडीची वेळ होते ना. मी मान न वळवता म्हटलं, "गाडीचा ब्रेक चांगला आहे. माझा पाय खराब आहे. मले शुगर आहे."

 आधी बायनाबाई बोलली. "काऊन नाई सांगतलं रे बापू? किती लाडू चारले तुले आमी." तिच्या बोलण्यात राग होता, अन् डोळ्यात पाणी होतं. खैरुनबाई खाली उतरली, माझा दरवाजा उघडला अन् मले टपरीच्या बाकड्यावर बसवलं. पूरा डबा शीरखुर्मा खाल्ला तुमी, मले पाप लावलं, असं पुटपुटत तिनंच माझा बूट काढला. मी नाई नाई म्हणत होतो, माझा पाय कोणी बाई आपल्या मांडीवर घेईन हे मले कसंतरीच वाटत होतं. मंग तिनं पट्टी सोडली. कापूस पिवळा झाला होता. आता वास आला. मले आला म्हणजे सगळ्यायले आला असन. मी त्यायच्या तोंडाकडं पाह्यलं, कोण मागं सरकते ते पाहाले. कोणी सरकलं नाई. सोमाजी तं अजून जवळ आला अन् चष्मा लावून पाहाले लागला.

खैरुनबाई म्हणाली, दवाखान्यात माझ्या पायाचं असंच पाहतात. डोळे मिटा, मी बोट लावते तिथी सांगा. पहिले मी किलकिल्या डोळ्यानं पाहून हौ, हौ म्हटलं. आदत पडली होती. तिले समजलं. तिनं आपली ओढणी माझ्या डोळ्यावर धराले बायनाबाईजवळ दिली. मंग अंधार झाला. टपरीच्या स्टोव्हचा आवाज येत होता, रोडवरून एक ट्रक गेला, कोळशाचा असन. मी वाट पाहून राह्यलो. ओढणीले बांगड्यायच्या दुकानातला लाखेचा वास होता. लय वेळ झाला. मी म्हटलं, "लावा ना बाई बोट, किती वेळ बसवता?"

 मीच ओढणी बाजूले केली. तिचा अंगठा माझ्या मधल्या बोटाच्या खाली रुतला होता, अन् एवढ्या जोरात दाबून राह्यली होती ती का तिचं नख पांढरं पडलं होतं. ती मले म्हणाली, चाच्चारदा लावला भाऊ. सगळ्या बोटायले लावला.

मंग पुढं गाडी कोण नेईन ते आलं. दवाखान्याची वेळ निघून चालली होती अन् नवी बाई घाबरून उभी होती. सोमाजी म्हणे, आता राह्यलं तरी किती, हळूहळू ने, मी समोर बसतो, तू रोडकडे पाह्य, मी तुझ्या पायाकडे पाह्यतो. तो खरंच म्हणत होता. मी गाडीकडे पाह्यलं. न्या लागते तं नेली असती मी, मले माहीत होतं. आजवर आणलीच होती. पण तो बकऱ्यावाला बुढा माझ्या डोळ्यासमोरून हटत नव्हता, त्यानं वळून पाह्यलं होतं तसा पाहतच होता. मी खिशातून मोबाईल काढला अन् कय्यूमले लावला. एवढ्या वर्षात त्याले फोन करून मी फक्त भांडलो होतो.

म्हटलं, घंटाचौकीले आहो, येऊन जा. तो म्हणे, काय झालं, ब्रेक गेला काय? मी म्हटलं, गाडीले काही नाई झालं, मले गाडी चालवता येत नाई आता. शुगर आहे मले. पाय गेला का राह्यला ते दवाखान्यात समजन.  मले वाटलं, आता हासन. तं तिकडून त्यानं गाडी चालू केल्याचा आवाज आला.

"निघालो मी," तो म्हणाला. "सवारी किती आहे?"

"सात," मी म्हटलं. मंग म्हटलं, "नाई. आठ. मले धरून."